धाराशिवकडे दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावावीत का?

तुळजापूरकडे तुमची दोन एकर हलकी जमीन आहे, बोअरला पाणी बेताचं, आणि कुणीतरी सांगितलंय की वाइनच्या द्राक्षाला पाणी कमी लागतं, ती लावा आणि वाइन घरीच करा. सांगणाऱ्याचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात माझी २००६ पासूनची चार वर्षं गेली.

खायच्या द्राक्षात आपली सगळी धडपड मणी फुगवायची. जीएचं डिपिंग (मणी फुगवणाऱ्या संजीवकात घड बुडवणं), विरळणी, भरपूर पाणी. वाइनला उलटं. रंग आणि तुरटपणा सालीत आणि बियांत असतो, म्हणून मणी बारीक हवा, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. मणी रंगावर आला की पाणी कमी करत आणायचं, घडही मोजकेच ठेवायचे. थॉम्पसन या खायच्या द्राक्षाचा एकरी दहा-बारा टन माल काढणारे माझे वडील, मी शिराझ या वाइनच्या जातीचे चांगले घड कापून खाली टाकताना पाहून दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

पण कमी पाणी म्हणजे बिनपाण्याची बाग नव्हे. एप्रिलच्या खरड छाटणीत जुन्या काड्या कापल्या की नवी काडी तयार होते आणि पुढच्या हंगामाचा घड तेव्हाच डोळ्यात धरतो. आपल्याकडे टंचाई नेमकी त्याच दिवसांत. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तो २०१६ चा एप्रिलच होता. शेततळं नसेल तर पुढचं वाचूच नका. जालना जिल्ह्यातलं कडवंची एकदा बघून या, पाणलोटाची कामं आणि शेततळ्यांवर त्या गावानं द्राक्ष उभं केलंय. अर्थात खायचं.

दुसरी अडचण उन्हाची. आपल्याकडे साखर झटकन चढते, २३-२४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) सहज मिळतो, पण तेवढ्यात आम्लता घसरते. अशा रसाची वाइन सपक लागते, टिकतही नाही. म्हणून तोडणीची वेळ साधावी लागते, आणि तीही माल गार असताना, पहाटे, बॅटरीच्या उजेडात.

घरी करायचं म्हणाल तर परवान्याशिवाय दारू गाळणं काय नि वाइन करणं काय, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच. शिवाय ते पिंपात द्राक्षं चेचून ठेवण्याइतकं सोपं नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा पिंप तापतं. रेडला पंचवीस-तीस अंश चालतात, व्हाइटला पंधराच्या आसपास ठेवावं लागतं. जास्त तापलं तर यीस्ट मधेच मरतं, साखर तशीच उरते आणि माल आंबून बसतो. त्यासाठी थंड करायची यंत्रणा हवी, आणि आपल्याकडे लाइट कधी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

आता माझं काय झालं ते. राज्याचं २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यावर विंचूरला, पलूसला वाइन पार्क झाले, कंपन्या करार करत गावोगाव फिरू लागल्या. मीही एक एकर शिराझ लावली. दोन तोडण्या व्यवस्थित गेल्या. पुढे वाइनचा धंदा बसला आणि माझ्या कंपनीची गाडी आलीच नाही. माल बाजारात नेला तर व्यापारी म्हणाला, "ही काय करवंदं आणलीत का?" बी असल्यामुळे बेदाणाही करता येईना. शेवटी वेली बुडाशी कापल्या आणि त्यांच्याच डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळांच्या बुंध्यावर, थॉम्पसनचं कलम भरलं. मुळं तेवढी वाचली.

एवढं ऐकूनही हौस असेल तर दहा गुंठ्यांवर करा. खुंट डॉगरीजचाच घ्या, म्हणजे परतायची वाट राहते. आधी गिऱ्हाईक, मग रोप. ब्रिक्स किती, माल कोणत्या तारखेपर्यंत उचलणार, गाडीभाडं कुणाचं, हे कागदावर घ्या. नाशिकपर्यंत उन्हात माल नेला तर खालच्या क्रेटमधला रस वाटेतच आंबायला लागतो. करार सही करण्याआधी मला दाखवलात तरी चालेल. माल नाकारण्याच्या अटींचं कलम मी आता चष्म्याशिवाय वाचतो.