विसर्जनाच्या रात्रीची दुकानबंदी आणि रस्त्यावरचा मद्यपी चालक

आपला प्रश्न असा आहे की, तासगाव रस्त्यावरील आपल्या गावाने गणेशोत्सवाचे दहाही दिवस दारूची दुकाने बंद ठेवण्याची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी, की दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांवर कारवाईसाठी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्यावा. गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री गावातला एक तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि त्यानंतर ग्रामसभेत दुकानबंदीचा विषय निघाला, असेही आपण लिहिले आहे. मी सांगलीच्या न्यायालयात मोटार अपघात दाव्यांचे काम बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या कागदपत्रांतून जे दिसले त्यावरून माझे मत स्पष्ट सांगतो: रस्त्यावरचे मृत्यू थांबवणे हा हेतू असेल, तर गावाने आपली सगळी ताकद दुसऱ्या अर्जामागे लावावी.

दुकानबंदीला विरोध म्हणून मी हे लिहीत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२ प्रमाणे सार्वजनिक शांततेसाठी दुकाने बंद ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि मिरवणुकीतील हाणामाऱ्या, दोन मंडळांमधील वाद, बायकामुलींना होणारा त्रास यांना आळा घालण्यासाठी तो उपयोगी पडतो. मिरजेसारख्या ठिकाणी, जिथे अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तिथे दुकाने उघडी ठेवा असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. मात्र हा उपाय मिरवणुकीच्या शिस्तीचा आहे. रस्त्याच्या सुरक्षिततेचे काम त्याच्याकडून होत नाही, आणि आपल्या जिल्ह्याच्या भूगोलामुळे तर ते अधिकच अवघड आहे.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश जिल्ह्याच्या हद्दीपुरता असतो. सांगलीत संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी होते. त्या दिवशी फक्त सांगलीत दुकाने बंद राहिली, तर अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा सुरू होतो आणि उदगाव, जयसिंगपूर हे अंतर मोटारसायकलने काही मिनिटांचे आहे. मिरजेकडच्या माणसाला म्हैसाळच्या पुढे कागवाड आहे, आणि तिथे तर राज्यच बदलते. एरवी जो माणूस घराजवळच्या परमिट रूममध्ये बसून चालत घरी गेला असता, तो बंदीच्या दिवशी गाडी काढून हद्दीपलीकडे जातो, तिथे पितो आणि रात्री त्याच गाडीवरून परत येतो. म्हणजे ज्याला आपण रस्त्यापासून दूर ठेवू पाहतो, त्यालाच आपण रस्त्यावर आणतो. याशिवाय बंदीची तारीख सर्वांना आधीच ठाऊक असल्यामुळे आदल्या संध्याकाळी वाईन शॉपसमोर रांग लागते, आणि ज्यांनी साठा केला नाही त्यांना दुकान बंद असतानाही चढ्या भावाने ब्लॅकने बाटली मिळते, हे आपल्या गावातही कोणाला सांगावे लागणार नाही.

सरकारचे स्वतःचे धोरणही या बाबतीत एकसारखे नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी या दिवशी दुकाने बंद असतात, मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत विक्री बंद असते, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री मात्र विक्रीची वेळ पहाटेपर्यंत वाढवून दिली जाते. दुकानाच्या शटरवर विसंबलेली सुरक्षितता वर्षातल्या मोजक्या तारखांना मिळते. ढाब्यावरून परतणारा चालक मात्र वर्षातल्या कोणत्याही शनिवारी भेटतो.

आता कारवाईकडे वळतो, कारण खरी कमतरता तिथेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास गुन्हा होतो. ही मर्यादा किती लवकर ओलांडली जाते याची कल्पना बहुतेकांना नसते. साधारण ६५ किलो वजनाच्या माणसाने रिकाम्या पोटी ६० मिलिलिटर व्हिस्की घेतली, तरी तो या मर्यादेच्या वर जाऊ शकतो. १८० मिलिलिटरची क्वार्टर संपवली तर हे प्रमाण १३० च्या आसपास पोहोचते आणि शरीर ते तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम या गतीनेच कमी करते. म्हणजे मध्यरात्री ग्लास खाली ठेवलेला माणूस पहाटे सहाला दुधाचे कॅन घेऊन किंवा पहिल्या पाळीला निघाला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो अजून मद्यपी चालकच असू शकतो. ताक, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती बदलत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हा गुन्हा जागेवर तडजोड करून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. न्यायालयात हजर राहावेच लागते. त्यामुळे नाक्यावर कोणी ‘इथेच भरा आणि जा’ म्हणत असेल, तर ते कायद्याला धरून नाही, ही गोष्ट गावातील तरुणांना जरूर सांगावी. कायद्यातील एक उणीवही सांगतो. कलम २०३ प्रमाणे श्वास-चाचणी मागण्यासाठी पोलिसाला संशयाचे वाजवी कारण असावे लागते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९८२ मध्ये कोणत्याही चालकाला विनासंशय थांबवून चाचणी घेण्याची पद्धत सुरू केली आणि तिथले अपघाती मृत्यू लक्षणीयरीत्या घटले; आपल्याकडे असा स्पष्ट अधिकार असायला हवा असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत नाकाबंदीत प्रत्येक गाडी थांबवून चालकाशी दोन वाक्ये बोलणे आणि वास आल्यास यंत्र पुढे करणे, हा मार्ग उपलब्ध आहे आणि तो पुरेसा परिणामकारक ठरू शकतो.

सर्वांत मोठी गळती अपघातानंतर होते, आणि त्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. दाव्याच्या फाईलमध्ये फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचा तपासणी अहवाल, शवविच्छेदन अहवाल हे सगळे असते. मी सर्वांत आधी शोधतो तो चालकाच्या रक्ताचा नमुना घेतल्याची वेळ. समजा, अपघात रात्री साडेदहाला झाला. जमाव जमला, जखमींना हलवले, चालक पळून गेला, मग नातेवाइकांनी त्याला समजावून ठाण्यात आणले, ठाणे अंमलदार दुसऱ्या बंदोबस्तात होते, आणि सरकारी रुग्णालयात रक्त घेतले गेले पहाटे चार वाजता. साडेपाच तासांत सुमारे ८० मिलिग्रॅम उतरलेले असतात. अपघाताच्या क्षणी ज्याच्या रक्तात १०० मिलिग्रॅम होते, त्याच्या अहवालात २० येतात, आणि कायद्याच्या लेखी तो प्यायलेलाच नव्हता. मेलेल्या मुलाचे आईवडील हा अहवाल हातात घेऊन मला विचारतात की, साहेब, त्याच्या तोंडाला वास येत होता हे दहा जणांनी पाहिले, मग कागदावर का नाही. त्यांना हा हिशोब समजावून सांगणे मला आजवर सोपे गेलेले नाही.

वेळेइतकेच महत्त्व पद्धतीला आहे. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसली, कुपीत रक्त टिकवणारे योग्य परिरक्षक नव्हते, लेबलवर वेळ नाही, सील पंचांसमक्ष लावले नाही, अशा प्रत्येक चुकीवर बचाव पक्ष उभा राहतो. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. परंतु नमुना उशिरा घेतल्याने पुरावा नाहीसा होणे ही त्याहून कितीतरी अधिक वेळा, कोणाचाही वाईट हेतू नसताना घडणारी गोष्ट आहे. कायद्याने कलम २०२ मध्ये अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली आहे. तरीही अटकच उशिरा दाखवली की त्या दोन तासांना अर्थ राहत नाही. २०२२ च्या केंद्रीय अहवालात देशभरात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेल्याची नोंद आहे, आणि त्यांतील जेमतेम अडीच टक्के मृत्यू मद्यपानाच्या खात्यात आहेत. न तपासलेले आणि उशिरा तपासलेले रक्त या आकड्यात येत नाही, म्हणून तो पाहून कोणी निश्चिंत होऊ नये.

नाकाबंदीची जागा आणि वेळ यांविषयीही बोलावे लागेल. शहरातल्या मोठ्या चौकात लावलेले बॅरिकेड अर्ध्या तासात सर्व मोबाईलवर पोहोचते आणि गाड्या आतल्या रस्त्याने वळतात. अंकली पुलाची सांगलीकडची बाजू, मिरज–म्हैसाळ रस्ता, पेठ–सांगली रस्त्यावरील ढाब्यांचा पट्टा आणि आपला तासगाव रस्ता या ठिकाणी रात्री नऊपासून एकापर्यंत जागा बदलत तपासणी झाली, तर तिचा धाक राहील. ऊसतोडीच्या हंगामात तर हे आणखी निकडीचे होते, कारण त्या महिन्यांत रात्री रस्त्यावर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या जोडट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. शुद्धीवरच्या चालकालाही त्या उशिराच दिसतात, आणि प्यायलेला चालक ब्रेकला पाय लावण्यापूर्वीच त्यांच्यावर आदळतो. (रिफ्लेक्टरसाठी कारखान्याकडे वेगळा अर्ज करावा, तो विषय स्वतंत्र आहे.)

मंडळाच्या बैठकीत विम्याची बाजू अवश्य मांडावी. चालक मद्यपी असल्याचे सिद्ध झाले तर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. तिऱ्हाइताच्या भरपाईच्या बाबतीत न्यायाधिकरण पुष्कळदा विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि ते गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. प्यायलेल्या मित्राच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्याच्या शेतीवर वसुली येते, हे ऐकल्यावर अनेक तरुण गंभीर होतात, असा माझा अनुभव आहे.

गावाला दुकान कायमचेच नको असेल, तर महिलांच्या गुप्त मतदानाने ‘बाटली आडवी’ करण्याची रीतसर वाट आहे आणि तिला माझा पाठिंबा राहील. तिची तयारी वेगळी करावी.

आताच्या ठरावात मात्र नेमक्या मागण्या लिहाव्यात. उत्सवाच्या दहा रात्री वरील रस्त्यांवर फिरती नाकाबंदी असावी, आणि चाचणीच्या यंत्रांची तपासणी चालू मुदतीतील असून प्रत्येक निकालाची छापील पावती चालकाला मिळावी. जखमी किंवा मृत्यू असलेल्या प्रत्येक अपघातात चालकाची श्वास-चाचणी घटनास्थळीच व्हावी आणि रक्ताचा नमुना दोन तासांत घेऊन त्याची वेळ ठाणे दैनंदिनीत नोंदवावी. त्यासाठी विसर्जनाच्या रात्री ग्रामीण रुग्णालयात एक वैद्यकीय अधिकारी आणि सीलबंद कुप्या तयार ठेवाव्यात, अशी विनंती जिल्हा शल्यचिकित्सकांना स्वतंत्रपणे करावी. उत्सवानंतर महिनाभराने किती चाचण्या झाल्या, किती खटले दाखल झाले आणि किती नमुने दोन तासांच्या आत घेतले गेले, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी. ठरावाचा मसुदा इथे टाकलात तर मी तो तपासून देईन.