मेंटल कोच आत्ताच लावावा का? माझं मत

प्रश्न असा की मुलगा चौदा वर्षांचा आहे, गोल्फमध्ये प्रोफेशनल व्हायचं म्हणतो, आणि कुणीतरी सांगितलंय की वरच्या पातळीवर सगळे सारखंच मारतात, पैसा मनाच्या ताकदीवर ठरतो. (नाशकात गोल्फ क्लब मैदान म्हटलं की लोकांना क्रिकेटचे सामने आणि सकाळचं चालणं आठवतं, त्यामुळे हा प्रश्न बघून मजा वाटली.)

सगळे सारखंच मारतात, हे आधी डोक्यातून काढा. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या (अमेरिकेतली प्रोफेशनल गोल्फची मुख्य स्पर्धामालिका) लाखो फटक्यांचा हिशोब मांडलाय. अव्वल खेळाडू इतरांवर जी आघाडी घेतात, तिच्यातला दोन तृतीयांश वाटा लांबच्या फटक्यांचा. पटिंगचा, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवत खड्ड्यात (होलमध्ये) घालण्याचा, जेमतेम १५ टक्के. हात तयार नसेल तर नुसतं खंबीर मन घेऊन काय करायचं?

मन आडवं येतं ते बक्षिसांच्या उतरंडीमुळे. टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत दोन दिवसांनी कट लागतो. पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात, बाकीच्यांना बक्षिसातला छदामही नाही; वर प्रवास, हॉटेल, कॅडी (काठ्यांची बॅग वाहणारा मदतनीस) हा खर्च असतोच. विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के, दुसऱ्याला १०.९, तिसऱ्याला ६.९. जितकं वर जावं तितका एकेक फटका महाग, आणि पट (पटिंगचा फटका) मारायला वाकलेल्या माणसाला ते पक्कं माहीत असतं.

२०२४ ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा बघा. त्या मोसमात रोरी मॅकिलरॉय या अव्वल खेळाडूने तीन फुटांच्या आतले ४९६ पैकी ४९६ पट घातले होते. शेवटच्या दिवशी अठरापैकी सोळाव्या होलवर अडीच फुटांचा चुकला, अठराव्यावर चार फुटांच्या आतला. त्याचा प्रतिस्पर्धी डिशॅम्बो एका फटक्याने जिंकला: त्याला ४३ लाख डॉलर, रोरीला २३ लाखांच्या आसपास. रुपयांत तफावत सोळा कोटींच्या वर. पुढच्या वर्षी मास्टर्स या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेत रोरीचा अठराव्यावर पुन्हा पाच फुटांचा चुकला, पण प्लेऑफच्या (बरोबरी फोडायच्या जादा खेळाच्या) पहिल्याच होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) मारून गडी जिंकला. मला त्या अडीच फुटांपेक्षा हे जास्त शिकण्यासारखं वाटतं.

दडपण नसतानाही मन खोडी काढतंच. पोप आणि श्वाइट्झर या अभ्यासकांनी २५ लाखांहून जास्त पट तपासले. तेवढ्याच अंतराचा पट पारसाठी (ठरलेल्या फटक्यांत होल संपवायला) असला की जास्त वेळा जातो, बर्डीसाठी असला की कमी. बोगीची (एक फटका जास्त लागण्याची) धास्ती बर्डीच्या हावेपेक्षा मोठी! याची किंमत अव्वल खेळाडूंना वर्षाला लाखो डॉलर पडते, असा त्यांचा अंदाज.

तर कोचचे पैसे आत्ता स्विंगवर (फटका मारायच्या ढबीवर) आणि स्पर्धांच्या प्रवासावर घाला. छोट्या पटांची पैज लावत जा, चुकेल त्याने मिसळ खिलवायची. आणि त्याची अलीकडची स्कोअरकार्डं इथे टाका. बोगीनंतरच्या होलवर तो काय करतो, ते आधी बघू.