जुनं शिपयार्ड पाडायचं का ठेवायचं?

प्रश्न : नमस्कार, माझी पुतणी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला शिकतेय, तिने आरडीएम नावाच्या जुन्या शिपयार्डचे फोटो पाठवले, आता म्हणे तिथे कॉलेज आणि बंदराची कामं करणाऱ्या कंपन्या आहेत. मी सिव्हिलवाला, म्हणून विचारतो, एवढी जुनी शेड दुरुस्त करण्यापेक्षा पाडून नवीन बांधलेलं बरं नाही का? आणि यात सस्टेनेबल ते काय, की नुसता रंग मारून बोर्ड लावलाय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे, तसले बोर्ड आपण ढिगाने बघतो. पण इथे मामला वेगळा आहे. हे शिपयार्ड 1902 चं, ‘एसएस रॉटरडॅम’ हे मोठं प्रवासी जहाज इथलंच, 1958 मध्ये पाण्यात उतरलं. 1983 मध्ये शिपयार्ड ज्या जहाजबांधणी ग्रुपमध्ये होतं त्या आरएसव्हीचंच दिवाळं वाजलं. पुढे पोर्ट ऑथॉरिटी आणि तिथल्या शिक्षणसंस्थांनी मिळून त्याचा कॅम्पस केला.

आता पाडण्याचं. त्या शेडमधलं स्टील-काँक्रीट बनवताना जो कार्बन हवेत जायचा तो कधीच गेलाय, पाडलं की नव्यासाठी परत सोडा. शिवाय शिपयार्डच्या मातीत वर्षानुवर्षं तेल, रंग, जड धातू मुरलेले असतात, नवा पाया खणायला गेलात की ती माती कुठे टाकायची हाच मोठा खर्च, हे तुम्हाला मी काय सांगणार! गरम करण्याचं म्हणाल तर अख्खा हॉल तापवत बसणं हा वेडेपणा, त्यामुळे वर्ग-ऑफिसं हॉलच्या आतच वेगळ्या खोल्या करून बसवलीत, हीटिंग तेवढ्यापुरतं.

पण माझ्या मते खरी गोष्ट भाडेकरू कोण ठेवले ही आहे. नुसते कॅफे आणि लग्नाचे हॉल काढून मोकळे झाले नाहीत. उंच छत, दाराशी पाणी, म्हणजे अवजड काम करणाऱ्यालाच ही जागा लागते. तिथल्या रॅमलॅब या धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या प्रयोगशाळेने 2017 मध्ये रोबोच्या हाताने वेल्डिंगचे 298 थर एकावर एक चढवून टगबोटीचा (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचा) कांस्याचा प्रोपेलर ‘छापला’, सुमारे 400 किलोचा, आणि त्यानंतर तसाच बनवलेला दुसरा प्रोपेलर जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या ब्यूरो व्हेरिटासने पास केला. यातला फायदा बघा, सुटा भाग बंदरातच बनला तर जहाज आठवडेच्या आठवडे अडकून पडत नाही आणि गोदामात माल साठवायला नको.

स्वस्त पडलं का, तर फक्त बांधकामाच्या बिलावर मोजाल तर कदाचित नाही. पुतणीला सांगा, रविवारी नको, कामाच्या दिवशी जा, मशीन चालू असताना बघ आणि छताचे ट्रसही (छत पेलणारे सांगाडे) नीट न्याहाळ, काकांसाठी फोटो काढ.