कोबी काढायचं मशीन आणि आमचे कुणगे

प्रश्न : सर नमस्कार, मी गुहागरजवळच्या एका गावातला, मेकॅनिकल डिप्लोमाच्या लास्ट इयरला आहे. भात झालं की आमच्याकडे कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान बांधाच्या तुकड्यात, कोबी, मुळा, लाल माठ घालतात, आणि कोबी काढायच्या दिवसांत आईची कंबर पार जाते. म्हणून आम्ही चौघांनी प्रोजेक्टला कोबी काढायचं मशीन घेतलंय. पण दोघं म्हणतात कॅमेरा लावून रोबोटचा हात करूया, दोघं म्हणतात ट्रॅक्टरला जोडूया. गाईड सर म्हणतात काहीही करा पण रिपोर्ट वेळेवर द्या. काय करू? आणि माठाला तेच मशीन चालेल का?

उत्तर : गाईड सरांचं बरोबरच आहे म्हणा, पण आधी ट्रॅक्टर निकालात काढू. कुणग्यात तो उतरवणार कुठून? पॉवर टिलर बांधावरून खाली घ्यायचा तर दोघं लागतात. ट्रॅक्टरवाली जी मोठी मशीनं असतात त्यांत पुढे दोन फिरते स्क्रू किंवा पट्टे देठाला धरून गड्डा वर उचलतात, वरून मऊ पट्टा त्याला दाबून ठेवतो, खाली दोन गोल पाती देठ कापतात, आणि गड्डा कन्व्हेयरवरून ट्रॉलीत. छानच आहे, पण ते ओळीतलं सगळं एका फेरीत काढतं, म्हणजे सगळे गड्डे एकदम तयार पाहिजेत, ओळ सरळ पाहिजे. तुमच्याकडे आई तयार होईल तसे तीन-चार वेळा काढत असणार, बाजार बघून.

आता रोबोट. केंब्रिज विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ मध्ये आइसबर्ग लेट्युससाठी, म्हणजे कोबीसारखाच गड्डा धरणाऱ्या सॅलडच्या भाजीसाठी, 'व्हेजबॉट' केला, एक कॅमेरा वरून बघणारा आणि एक सुरीजवळ. गड्डे ओळखले ९१ टक्के, पण एक गड्डा काढायला जवळजवळ ३२ सेकंद आणि ३८ टक्के गड्ड्यांना इजा. तेवढ्या वेळात आई तीन-चार गड्डे पाटीत टाकेल आणि तुला दोन शब्द सुनावेल ते वेगळंच. गड्डा भरला की नाही हे ती अंगठ्याने दाबून सांगते ना, तेवढंच मशीनला शिकवायला अमेरिकेत १९६०-७० च्या दशकांत दाबून बघणारे सेन्सर झाले, गॅमा किरण झाले, क्ष-किरणसुद्धा झाले. आणि कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात अजूनही आइसबर्ग बहुतेक माणसंच सुरीने कापतात, मशीन हळूहळू सोबत चालतं आणि पुढचं पॅकिंग-वाहणं सांभाळतं.

मी तुझ्या जागी असतो तर हेच उचललं असतं. ओळखायचं आईने, वाकायचं आणि वाहायचं मशीनने. म्हणजे उभ्याने चालवायचा लांब दांड्याचा कटर, बॅटरीवरची मोटर, आणि मागे एक अरुंद गाडा.

खरी मेहनत कापण्यात आहे बरं का. विळीवर भाजी चिरताना आपण नुसती दाबत नाही, पुढे ओढतो, तेव्हा ती सरळ कापली जाते. फिरत्या गोल पात्यात ही ओढ आपोआप मिळते. आधी वीसेक देठ घे, एकदा नुसतं दाबून आणि एकदा ओढून काप, स्प्रिंग बॅलन्सने जोर मोज, मग मोटर ठरव. उलटं करू नकोस, सगळे उलटंच करतात. दुसरं म्हणजे उंची. वर कापलं तर बाहेरची पानं सुटून पडतात, आणि ती दोन-तीन तरी राहिलीच पाहिजेत, वाटेत गड्डा तीच सांभाळतात. खाली गेलं तर पातं मातीत, आणि आपल्या मातीत जांभ्याचे खडे, धार गेलीच म्हणून समज. म्हणून पात्याखाली जमिनीवर घसरणारी एक पट्टी लाव, उंची तीच धरून ठेवेल. आणि पात्याला गार्ड, तो विसरलास तर मी प्रोजेक्ट बघणार नाही.

एक सुख आहे, लेट्युस कापलं की देठातून चीक येतो आणि काप तपकिरी पडतो म्हणून तिकडे शेतातच पाण्याने धुतात, कोबीला ती भानगड नाही.

माठाला हे चालणार नाही. कोवळ्या पानांच्या भाज्यांना परदेशात वाफ्यावरून आडवी बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखी फिरणारी करवत, पळवतात, पण तुमच्याकडे जुडी मुळासकट विकत असतील तर कापायचंच काय? गिऱ्हाईक मुळं बघूनच घेतं.

झालं की फोटो पाठव. मशीनचे नकोत, कापलेल्या देठांचे.