पांधणीसाठी थार उचलावी का?

प्रश्न : पावसाळ्यात वावराच्या पांधणीत माझी जुनी थार पोटावर बसते. सस्पेन्शन उचलून २३५/७० आर १६ ऐवजी २४५/७५ आर १६ टायर टाकू का? – एक शेतकरी, घाटंजी (यवतमाळ)

उत्तर : भाऊ, सस्पेन्शनचे पाटे उचलले की बॉडी वर जाते, मागचं डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा, जो खाली टेकतो) तिथंच राहतं. त्याला टायरच उचलतो, तोही व्यासवाढीच्या निम्मा. तुमच्या मापात व्यास सुमारे ३८ मिमी वाढतो, म्हणजे फायदा १९ मिमी. एवढ्यासाठी हा खर्च? शिवाय चढावर ओढ घटणार, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरबदलांवरचं) आडवं येईल ते वेगळंच. आपल्या काळ्या मातीत खरी भानगड टायरच्या नक्षीची. खाचांत चिखल भरला की टायर गुळगुळीत. आहे त्याच मापाचे मड-टेरेन (चिखलासाठीचे, खोल खाचांचे) टायर घ्या, चिखलात हवा थोडी कमी करा. डांबरीवर आल्यावर मात्र परत भरा.