फ्लाय फिशिंगच्या (गळाला पिसं-दोऱ्यांची कृत्रिम माशी बांधून मासे पकडण्याच्या) जागतिक स्पर्धेत सर्वात मोठा मासा पकडणाराही मागे का पडतो?

कारण तिथे वजन नाही, क्रमांक मोजतात. फिप्स-मूश या फ्लाय फिशिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत संघाचे पाच जण तीन-तीन तासांच्या पाच फेऱ्या खेळतात, प्रत्येक फेरी वेगळ्या विभागात. पाण्याचा तुकडा चिठ्ठीने मिळतो. नेहमीचं गणित म्हणजे माशामागे १०० गुण आणि दर सेंटिमीटरला २०. म्हणजे ४८ सेंमीचा एक ट्राउट १,०६० गुणांचा, २४ सेंमीचे दोन मिळून १,१६०! अर्थात किमान लांबी भरली तरच.

पण हे गुण फक्त त्या विभागातला क्रमांक ठरवतात. पाचही क्रमांकांची बेरीज ज्याची कमी, तो वर. १, २, १, ३ आणि एकदा २२ आले तर २९. ५, ५, ६, ५, ४ वाल्याचे २५, म्हणजे तोच पुढे. एक भोपळा सगळं धुऊन नेतो. म्हणून राष्ट्रीय संघ निवडताना एखाद्या झळाळत्या फेरीपेक्षा नदी आणि तळं दोन्हीकडे सातत्य असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

नवखे अडकतात ते सामानात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा नको (असेल तर पक्कडीने पूर्ण दाबा, बोटाला खरखर लागता कामा नये), दोरीवर शिशाचा मणी किंवा तरंगी चालत नाही, वजन माशीतच बांधायचं. माश्या जास्तीत जास्त तीन, त्यांच्यात किमान ५० सेंमी अंतर. मासा जाळ्यात घेऊन पंचाकडून मोजून घ्यायचा आणि जिवंत सोडायचा. हात आधी ओले करा.