चलन एक, पण हमी कोणाची?

प्रश्न: मुलगा नोकरीसाठी लिस्बनला आहे. त्याने शिल्लक मोबाइलवर चालणाऱ्या एका बँकेत ठेवली आहे. "युरो सगळीकडे एकच, बँक कुठली का असेना," असं तो म्हणतो. इकडे आमच्या वाचनात येतं की युरोपात बँकांवर जादा कर बसवलाय. तो ठेवीतून कापतात का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: ठेवीतून कापत नाहीत. पोर्तुगालने २०११ मध्ये बँकांवर जो कर बसवला, तो बँकेने लोकांकडून घेतलेल्या पैशावर, म्हणजे तिच्या देण्यांवर मोजला जातो. त्यातूनही स्वतःचं भांडवल आणि विम्याखालच्या ठेवी वजा करतात. हिशोब असा ठेवण्यामागे हेतू आहे: जी बँक उधारीच्या, कधीही निघून जाणाऱ्या पैशावर जास्त उड्या मारते, तिला जास्त भरावं लागावं. हा पैसा पुढे बुडत्या बँका सावरण्याच्या निधीत जातो. बँक तो बोजा कमी व्याज आणि वाढीव शुल्कातून ग्राहकावर थोडाफार ढकलतेच, पण खात्यातली रक्कम त्यामुळे घटत नाही.

ठेवीदाराच्या खिशात थेट हात घालायचा प्रयत्न झाला तो सायप्रसमध्ये, मार्च २०१३ मध्ये. पहिला प्रस्ताव १ लाख युरोपर्यंतच्या ठेवींवर ६.७५ टक्के आणि त्यावरच्या ठेवींवर ९.९ टक्के कापण्याचा होता. म्हणजे ८०,००० युरोवाल्याचे ५,४०० युरो गेले असते, तेही १ लाखापर्यंतच्या ठेवींना विम्याची हमी असताना! संसदेने तो फेटाळला. मग युरोपीय मध्यवर्ती बँकेने सांगितलं की तोडगा निघाला नाही तर २५ मार्चनंतर तिथल्या बँकांना तातडीची उसनवारी बंद. स्वतःचं चलन असलेला देश अशा वेळी नोटा छापून बँकांना जगवतो. सायप्रसच्या हातात छापखाना नव्हता. शेवटी १ लाखाच्या आतले ठेवीदार वाचले. बँक ऑफ सायप्रसमधल्या त्यावरच्या रकमेपैकी ४७.५ टक्क्यांचे मात्र त्याच बँकेचे शेअर करून हातात दिले, आणि देशाबाहेर पैसे नेण्यावरचे निर्बंध २०१५ पर्यंत टिकले. त्या काळात सायप्रसच्या खात्यातला युरो आणि जर्मनीच्या खात्यातला युरो नावालाच सारखे होते.

पोर्तुगालमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये बांको एस्पिरितो सांतो मोडली, तेव्हा ठेवी नव्या बँकेत हलवल्या. बँका सावरण्याच्या निधीतून ४.९ अब्ज युरो घातले आणि तोटा भागधारकांच्या व दुय्यम रोखेधारकांच्या (ज्यांचं कर्ज सगळ्यात शेवटी फेडतात, त्यांच्या) गळ्यात पडला. त्या ४.९ अब्जांपैकी ३.९ अब्ज पोर्तुगीज सरकारने कर्जाऊ दिले होते. खरी गाठ इथेच आहे. बँका आपल्याच सरकारचे रोखे घेऊन बसतात आणि सरकार त्याच बँकांना टेकू देतं. एक कलला की दुसराही कलतो. ही गाठ सोडवायला युरो क्षेत्राने २०१४ पासून मोठ्या बँकांवर एकच देखरेख आणली, बँका सावरण्याचा सामायिक निधी उभारला. पण ठेवींचा सामायिक विमा २०१५ मध्ये प्रस्ताव येऊनही अडून राहिला. हमी अजून ज्या-त्या देशाचीच आहे.

(चलन सारखं आणि जबाबदारी वेगळी, हे गोव्यालाही नवं नाही. १८७८ च्या करारानंतर पोर्तुगीज राजाची छबी असलेले इथले रुपये कलकत्त्याच्या टांकसाळीत पडू लागले. वजन आणि कस ब्रिटिश रुपयाचाच. तिजोऱ्या मात्र दोन राहिल्या.)

आता मुलाचं काम. खात्याच्या आयबॅनची (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची) सुरुवात पीटी, म्हणजे पोर्तुगाल, अशी आहे म्हणून हमी पोर्तुगालची असं समजू नये. शाखा पोर्तुगालमध्ये आणि परवाना लिथुआनियाचा, असं असू शकतं. मग हमी लिथुआनियाच्या ठेव विमा फंडाची. खातं उघडताना ठेवीदाराला माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे, त्यात फंडाचं नाव असतं. ते त्याला ॲपमधून काढायला सांगा. हमी एका माणसाला एका बँकेत १ लाख युरोची, परतफेड कामकाजाच्या ७ दिवसांत. एकाच परवान्याखाली बँकेची दोन नावं असतील तर रकमा एकत्र मोजतात. आणि ती कंपनी बँक नसून नुसतं मोबाइलवरचं पैशाचं पाकीट (वॉलेट) असेल, तर ठेव विमा नाहीच.

प्रश्न: निवृत्तीचे १२ लाख रुपये आहेत. सहकारी बँकेत जादा व्याज मिळतं, पतसंस्थेत त्याहून जास्त. विमा धरून वाटणी कशी करावी?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: पतसंस्थेचा विषय आधी संपवू. तिच्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या महामंडळाचा, विमा नाही. पाटीवर 'को-ऑपरेटिव्ह' वाचून लोक फसतात. परवाना रिझर्व्ह बँकेचा आहे का, तेवढं विचारा.

बँकेत विम्याची मर्यादा ५ लाखांची, ४ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी १९९३ पासून १ लाखच होती. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजतात, त्यामुळे ५ लाखांची पावती करणं ही नेहमीची चूक. दर ७ टक्के आणि व्याज तिमाही चक्रवाढ धरलं तर वर्षाच्या पावतीला ४.६६ लाख आणि तीन वर्षांच्या पावतीला ४.०६ लाख एवढंच मुद्दल ठेवा. त्याच बँकेतलं बचत खातंही या बेरजेत येतं. फोंडा आणि पणजी शाखा वेगळ्या धरत नाहीत, दुसरी बँक मात्र वेगळी धरतात. एकट्याचं खातं आणि पत्नीसोबतचं संयुक्त खातं यांची मर्यादा वेगवेगळी. कर्ज असेल तर ते आधी वळतं करतात.

बँकेतून पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे सरसकट निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. पहिले ४५ दिवस बँकेला याद्या द्यायला असतात, आणि घोळ तिथेच होतो: जुनी केवायसी, पॅनवर एक स्पेलिंग आणि पावतीवर दुसरं, संयुक्त खात्यातला वारलेला भागीदार अजून नावावर. हे आजच दुरुस्त करून घ्या.

प्रश्न: ठेवी माझ्या नावावर, टीडीएस माझ्या पॅनवर. सीए म्हणतो अर्धं व्याज पत्नीचं. हे कसं?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: सीए बरोबर सांगतो. गोव्यात चालणारा पोर्तुगीज नागरी कायदा लागू असलेल्या जोडप्याचं पगार सोडून बाकी उत्पन्न आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ५अ) निम्मं-निम्मं होतं. व्याज १,२०,००० आणि टीडीएस १२,००० असेल तर दोघांनी ६०,००० आणि ६,००० दाखवायचे. त्यासाठी आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही. ५अ चं परिशिष्ट असलेला फॉर्म घ्या आणि त्यात पत्नीचा पॅन भरा. तुम्ही पूर्ण १२,००० मागितले आणि व्याज निम्मंच दाखवलं, तर नोटीस ठरलेली. निवृत्तिवेतन पगारात मोडतं, ते वाटू नका. लग्नाआधी स्वतंत्र मालमत्तेचा करार नोंदवला असेल तर ही वाटणी लागू नाही.